मूनलाइटच्या पलीकडचे पियानो सोनाटे: हायडन, क्लेमेंटी, डुसेक... तुम्ही कुणाच्या रेकॉर्डिंगमुळे या वाटेला लागलात?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य अभिजात संगीतावर इथे अधूनमधून धागे निघतात, पण फिरून फिरून गाडी बीथोव्हनच्या सिंफनींवर नाहीतर मोझार्टच्या ऑपेरांवर येते, आणि पियानोचा विषय निघालाच तर बीथोव्हनचे मूनलाइट, पॅथेटिक, अपॅशनाटा आणि मोझार्टचा तो तुर्की रोंडो, विषय संपला. माझं म्हणणं असं की १७७० ते १८१० या काळातले ज्या सोनाट्यांना (एकट्या पियानोसाठीच्या, काही भागांत बांधलेल्या रचनांना) टोपणनाव मिळालं तेवढेच लोकांपर्यंत पोचले आणि बाकीचे नुसते नंबर होऊन कपाटात बसले. हायडनचे पन्नासेक सोनाटे आज उपलब्ध आहेत, त्यातल्या एकाचंही नाव लोकांच्या तोंडी नाही. क्लेमेंटीचे साठाच्या वर. डुसेक तर कित्येकांनी ऐकलेलाही नसतो.

गेले काही महिने मी जवळपास रोज रात्री हायडन ऐकतेय. होबोकेनने केलेल्या हायडनच्या रचनांच्या यादीतला १६:५०, सी मेजर (म्हणजे सी हाच सा), १७९४ चा, लंडनमध्ये लिहिलेला. सुरुवातच अशी की सुटे, कोरडे, तुटक स्वर, जणू कुणी पियानो चालतोय का ते बघतंय, आणि याच चिमूटभर सामानातून तो माणूस पुढे अख्खी इमारत उभी करतो. पण माझा जीव अडकलाय तो शेवटच्या भागात. सूर लागतो, मजेत पळतो आणि अचानक एका भलत्याच कॉर्डवर जाऊन थांबतो. बी मेजर! सी मेजरच्या घरात त्याचं काहीही काम नाही. शांतता. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. पुन्हा तिथेच अडखळणार. हसू आवरत नाही. आणि हे सगळं बासष्ट वर्षांच्या माणसाने लिहिलंय.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुम्हाला या काळातला असा कुठला दुर्लक्षित सोनाटा सापडलाय का की जो लोकांना हाताला धरून ऐकवावासा वाटतो? आणि दोन, कुणाचं रेकॉर्डिंग? कारण हे संगीत वाजवणाऱ्यावर फार अवलंबून आहे असं माझं मत होत चाललंय.

शिकाऊ_बोटं
क्लेमेंटी म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. सोनाटिना (छोटा सोनाटा), ओपस म्हणजे रचना-क्रमांक ३६, नंबर १. दादरला क्लासला होते तेव्हा ग्रेडच्या परीक्षेसाठी एवढी घासून घेतली होती टीचरनी की शेजारच्या काकूही गुणगुणायच्या. त्याने याशिवाय काही मोठं लिहिलंय हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही. त्यामुळे मंद्रताई तुमचा 'नंबर होऊन बसले'वाला मुद्दा पटला पण मी म्हणेन की परीक्षेनेही वाट लावलीये. जे दहाव्या वर्षी वाजवलं ते लहान मुलांचं असा शिक्का बसतो तो बसतोच.

आगाऊ_कार्टा
शेजारच्या काकूंचा ग्रेड कितवा? :)

शिकाऊ_बोटं
@कार्टा, काकूंना डिस्टिंक्शन मिळालं असतं. ताल माझ्यापेक्षा पक्का होता त्यांचा.

तळजाई
अरे वा, या विषयावर धागा! धन्यवाद मंद्र.

शिकाऊ, तुमचा गोळा घालवायचं औषध माझ्याकडे आहे. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झचं क्लेमेंटीचं रेकॉर्डिंग, १९५४ सालचं. तेव्हा तो जाहीर कार्यक्रम करत नव्हता, १९५३ पासून १९६५ पर्यंत स्टेजवर आलाच नाही. आणि या माणसाने, ज्याच्याकडून लोक रॅखमानिनॉव्ह नि लिस्टचे धबधबे अपेक्षित करायचे, त्याने त्या काळात काय उचललं तर क्लेमेंटी. मोनो आहे, आवाज थोडा बंद खोलीतला वाटतो, पण पहिल्या मिनिटानंतर लक्षातही राहत नाही. त्यातला एफ शार्प मायनर (ओपस २५ नंबर ५) ऐका, त्यातला मधला संथ भाग. चार ओळींचं काहीतरी आहे, दागिने जवळपास नाहीत, आणि होरोविट्झ एकेक स्वर असा ठेवतो की पुढचा येईपर्यंत आपण श्वास धरून बसतो. आणि मग शेवटचा भाग, तिहेरी तालातला, दोन्ही हातांत थर्ड्स (सा-ग सारख्या स्वरजोड्या एकत्र), बोटांची पार परीक्षा. तिथे कळतं की मोझार्ट याच्यावर का चिडला होता.

तो किस्सा माहीत नसेल त्यांच्यासाठी: २४ डिसेंबर १७८१, व्हिएन्ना, सम्राट दुसरा जोसेफ याने मोझार्ट आणि क्लेमेंटी दोघांना समोरासमोर बसवून वाजवायला लावलं. सम्राटाच्या दृष्टीने पाहुण्यांची करमणूक. क्लेमेंटीने पुढे आयुष्यभर मोझार्टच्या वादनाची तारीफच केली. मोझार्टने मात्र वडिलांना पत्रात लिहिलं की हा नुसता यांत्रिक वाजवणारा आहे, थर्ड्स चांगले मारतो, पण भावना एका दमडीचीही नाही. आणि गंमत बघा, क्लेमेंटीने त्या संध्याकाळी जो बी फ्लॅट सोनाटा वाजवला (ओपस २४ नंबर २) त्याची सुरुवात आणि दहा वर्षांनंतरच्या मोझार्टच्या मॅजिक फ्लूट ऑपेराच्या ओव्हर्चरची (सुरुवातीच्या वाद्यसंगीताची) धावती थीम शेजारी शेजारी ठेवून ऐका. क्लेमेंटीने नंतर सोनाटा पुन्हा छापताना त्यावर मुद्दाम टीप घातली की हा मी १७८१ मध्ये सम्राटासमोर वाजवला तेव्हा मोझार्ट हजर होता. भांडला नाही, ओरडला नाही, फक्त टीप. मला त्या टिपेसाठी तो माणूस फार आवडतो.

सगळे सोनाटे ओळीने हवे असतील तर हॉवर्ड शेलीने हायपेरियन या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेत, सहा खंड, स्वच्छ आणि प्रामाणिक वाजवलंय.

बंदिश
विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी चाळीसेक वर्षं आपलं शास्त्रीय ऐकतोय, पाश्चात्त्यही प्रामाणिकपणे प्रयत्न करून ऐकलंय. बाख भिडतो. बीथोव्हनचे शेवटचे सोनाटे भिडतात. पण हा जो मधला काळ आहे, हायडन वगैरे, तो मला सगळा एकसारखा वाटतो. टुणटुणटुण, डावा हात तेच तेच आंदोलन करतोय, उजव्या हातात एक गोड सूर, मग थोडी पळापळ, मग परत तोच गोड सूर. हॉटेलच्या लॉबीत लावतात तसं. यात शोधायचं काय हे कुणीतरी मला समजावून द्या, खरंच विचारतोय.

आगाऊ_कार्टा
बंदिश काका आले, धागा शंभरी गाठणार.

मंद्रसप्तक
बंदिशजी राग कसला, उलट बरं झालं कुणीतरी बोललं. मलाही आधी असंच वाटायचं आणि मला वाटतं त्याचं एक कारण म्हणजे आपण हे नेहमी मागे लावून ऐकतो. हायडन मागे लावला की खरंच लॉबी होते. त्याची सगळी करामत अपेक्षा मोडण्यात आहे, आणि अपेक्षाच केली नाही तर मोडणार काय? बाकी तांत्रिक बाजू कुणीतरी जाणकाराने सांगावी, इसारकाठ आहेत का इथे?

इसारकाठ
आहे आहे, इथे म्युनिकमध्ये आता रात्रीचे अकरा वाजलेत पण हा धागा सोडवत नाही.

बंदिश, तुमच्या कानाला मी एकच गोष्ट बदलून ऐकायला सांगेन. आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून बसतो आणि तो हलत नाही. सगळी गंमत त्या स्थिर सा भोवती होते. सूर किती दूर गेला, कसा परत आला, पण घर जागच्या जागी. सोनाट्यात सा स्वतःच सरकतो. पहिल्या दीडदोन मिनिटांत संगीतकार घर एका ठिकाणी दाखवतो आणि मग हळूच सगळं बिऱ्हाड पंचमावर हलवतो, इतकं बेमालूम की आता पंचमच सा वाटायला लागतो. मधल्या भागात तर सा कुठे आहे हेच कळेनासं होतं, एकामागून एक घरं बदलतात. आणि मग मूळ सा परत येतो तेव्हा जो दिलासा मिळतो तोच या प्रकाराचा प्राण. गोड सूर हा फक्त खुणेचा दगड आहे, आपण कुठल्या गावात आहोत ते कळावं म्हणून. तुम्ही सूर ऐकताय, म्हणून सगळं एकसारखं वाटतंय. जमीन ऐका.

आता हे कळल्यावर हायडनचा १६:५२ लावा, ई फ्लॅट मेजर, तोही १७९४ चा. पहिल्या भागाच्या मध्यावर एक जागा आहे, संगीत थांबतं, आणि मग तोच आधीचा खेळकर सूर एकदम ई मेजरमध्ये येतो. ई फ्लॅट आणि ई, पियानोवर शेजारशेजारच्या पट्ट्या, पण सुरांच्या नात्यात या दोन गावांमधे कोसच्या कोस अंतर. वाटतं, हा काय आगाऊपणा. थोड्याच वेळात तो घरी परत येतो आणि आपण ते विसरून जातो. मग दुसरा, संथ भाग सुरू होतो आणि तो अख्खाच्या अख्खा ई मेजरमध्ये! म्हणजे मघाशी दार किलकिलं करून दाखवलं ते हे. मग तिसरा भाग: एकच स्वर, जी, पुन्हा पुन्हा ठोकतो, आणि क्षणभर समजत नाही की आपण नक्की कुठल्या गावात आहोत, आणि मग खालून ई फ्लॅट येतो आणि आपण घरी. मी पहिल्यांदा हे स्वरलिपी समोर धरून ऐकलं तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

रेकॉर्डिंग: होरोविट्झचं १९३२ चं आहे, लखलखीत आणि थोडं बेफाम. पण शिकायला म्हणून आल्फ्रेड ब्रेंडेलचं घ्या, फिलिप्सवर त्याने हायडनचे अकरा सोनाटे केलेत. ब्रेंडेल थांबतो कसा ते ऐका. हायडनच्या शांतता त्याच्याइतक्या नेमक्या फार थोड्यांनी वाजवल्यात.

बंदिश
इसारकाठ, 'जमीन ऐका' हे लिहून ठेवतो. आज रात्री ५२ नंबर ऐकतो आणि कळवतो.

स्टेथो
विषयांतर करतो पण गोष्ट फार छान आहे. हायडनचा सी मायनर सोनाटा, १६:२०, ज्या संचात १७८० साली व्हिएन्नात आर्तारिया या प्रकाशकाने छापला तो संच आउएनब्रुगर बहिणींना अर्पण केलेला आहे, कॅटरिना आणि मारियाना. या दोघींचे वडील कोण? लिओपोल्ड आउएनब्रुगर! आम्ही मेडिकलला पहिल्यांदा पेशंटच्या छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून बघायला शिकतो ना, पोकळ आवाज येतो की भरीव, त्या पर्कशनचा जनक. १७६१ साली त्याने त्यावर लॅटिनमध्ये पुस्तिका काढली आणि बरीच वर्षं कुणी लक्षच दिलं नाही. त्याच्या वडिलांची खानावळ होती, पिपं ठोकून आत किती दारू उरली ते बघायची पद्धत त्याला तिथून ठाऊक असणार असं सांगतात. शिवाय गाण्याचा तयार कान, संगीतकार सालिएरीसाठी त्याने ऑपेराची संहिताही लिहिली. अशा घरातल्या मुली होत्या त्या. हायडनने त्यांच्या वादनाची आणि समजेची पत्रात मनापासून तारीफ केलीये.

आणि तो सी मायनर सोनाटा स्वतः! १७७१ चा आहे. पहिल्या भागात एका जागी हायडनने एकाआड एक स्वरांवर जोरात-हळू-जोरात-हळू अशा खुणा घातल्यात. हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं वाद्य) हे करताच येत नाही, पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच. म्हणजे त्याच्या मनात दुसरंच वाद्य होतं. माझ्यासाठी या धाग्याचं उत्तर हाच सोनाटा. दवाखाना बंद करून घरी येताना गाडीत ऐकतो, दिवसभराचं सगळं उतरतं.

वाचाळ_वीणा
स्टेथोकाका काय सुंदर माहिती! आणि मारियाना आउएनब्रुगरने स्वतः सोनाटा लिहिलाय हेही सांगा की! ती तरुणपणीच गेली, १७८२ मध्ये.

याच धाग्याला धरून: व्हिएन्नातलीच मारियाना मार्टिनेस. तरुण, कफल्लक हायडन ज्या इमारतीच्या माळ्यावर राहायचा त्याच इमारतीत ती खाली राहायची, आणि तिला लहानपणी हायडननेच शिकवलं. तिचे ए मेजर आणि ई मेजर सोनाटे छोटे आहेत, हलके वाटतात, पण ए मेजरचा मधला भाग काळजाला हात घालतो. आणि फ्रान्समधली एलेन द मोंजरू, १७९५ मध्ये पॅरिसच्या नव्या कॉन्झर्वातुआरमध्ये (संगीत विद्यालयात) प्राध्यापक झाली. तिचे सोनाटे ऐकताना सतत वाटतं की अरे हे तर पुढच्या पिढीचं आहे, हे इतक्या लवकर कसं? 'घरी वाजवायच्या बायकांसाठीचं संगीत' म्हणून या सगळ्या प्रकाराला नाक मुरडलं गेलं, मला त्याचा खरंच राग आहे. मंद्रताईने लिहिलेला ५० नंबर आणि इसारकाठचा ५२, दोन्ही हायडनने थेरेसा जान्सन नावाच्या लंडनमधल्या पियानोवादिकेसाठी लिहिले. क्लेमेंटीची शिष्या! तिच्या लग्नाला, १६ मे १७९५, हायडन साक्षीदार होता. ती बाई काय वाजवत असेल याचा अंदाज त्या नोटांवरूनच येतो. या बायकांची बोटं नसती तर हे संगीत लिहिलंच गेलं नसतं.

तळजाई
वीणा, +१००. आणि ५० नंबरच्या शेवटच्या भागात एक वरचा स्वर आहे जो त्या वेळच्या साध्या पाच सप्तकी व्हिएन्नीज पियानोवर नव्हताच, लंडनच्या पियानोंना वर जास्तीच्या पट्ट्या असायच्या. म्हणजे बाई पण डोळ्यांसमोर आणि तिचा पियानो पण.

दोनापावला
मी पणजीला पियानो शिकवते. गोव्यात घराघरांत पियानो नि व्हायोलिनची परंपरा जुनी आहे तरी माझ्याकडे येणारी मुलं हीच तीनचार नावं घेऊन येतात. मी वरच्या ग्रेडच्या मुलांना डुसेक ऐकवते आणि त्यांचे चेहरे बघते.

यान लादिस्लाव डुसेक. १७६० मध्ये बोहेमियात जन्म. लंडनमध्ये हायडनच्या काळात हा स्टार होता, दिसायला देखणा, स्टेजवर पियानो आडवा ठेवून श्रोत्यांना बाजू दाखवत बसायची पद्धत याच्यापासून पडली असं मानतात, आज सगळे तसेच बसतात. सासऱ्याबरोबर संगीत प्रकाशनाचा धंदा काढला, तो बुडाला, आणि हा १७९९ मध्ये लंडनहून निघून गेला, सासरा गेला तुरुंगात. माणूस म्हणून याचं समर्थन मी करणार नाही. पण संगीत!

ओपस ६१, एफ शार्प मायनर, एलेजी (शोकगीत). प्रशियाचा राजपुत्र लुइस फर्डिनांड, स्वतः उत्तम पियानो वाजवणारा आणि संगीतकार (बीथोव्हनने तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यालाच अर्पण केला), डुसेक त्याच्या पदरी होता. १० ऑक्टोबर १८०६ रोजी झालफेल्डच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेशी लढताना तो मारला गेला, तेहतिसाव्या वर्षी. त्याच्यासाठी हा सोनाटा. दोनच भाग. सुरुवातीची ओळ चाचपडत येते, थांबते, परत येते, आणि मग संतापासारखं काहीतरी उसळतं. दुसऱ्या भागात उजव्या हाताचे स्वर सतत तालाच्या मधोमध पडतात, ठोक्यावर पाय टेकतच नाही, अख्खा भाग धाप लागल्यासारखा पळतो. शुमान, ब्राम्स आठवतात, आणि साल १८०६-०७ आहे!

आंद्रेयास स्टायरने डुसेक जुन्या ब्रॉडवुड या लंडनच्या पियानोवर वाजवलाय. मुलांना मी आधी तेच ऐकवते. एक मुलगी ऐकून म्हणाली, टीचर हा परीक्षेला का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बंदिश
कळवतो म्हणालो होतो. ५२ ऐकला, ब्रेंडेलचाच. दोनदा. पहिल्यांदा काही हाती लागलं नाही. दुसऱ्यांदा मनातल्या मनात सा धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि मध्ये माझा सा सुटला, पुन्हा पकडायला गेलो तर जमीन दुसरीकडेच. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा अंगावर काटा आला हे कबूल. पळापळीच्या जागा अजूनही मला रुचत नाहीत. पण लॉबी मागे घेतो.

इसारकाठ
बंदिश, तुमचा हा प्रतिसाद वाचून दिवस सार्थकी लागला.

ओसरी
दोनापावला मॅडमनी ब्रॉडवुडचा विषय काढलाच आहे तर माझं आवडतं तुणतुणं वाजवतो. हे सगळं आजच्या स्टाइनवे पियानोवर ऐकणं म्हणजे अर्धं ऐकणं. त्या काळच्या व्हिएन्नीज फोर्टेपियानोला लोखंडी चौकट नाही, सगळं लाकूड, हातोड्यांवर नमदा नाही तर पातळ कातडं, पेडल नाही तर गुडघ्याने वर उचलायची दांडी. स्वर लागतो तो टणक आणि लगेच विरतो. त्यामुळे बंदिशकाकांना जे 'डावा हात तेच तेच आंदोलन' वाटलं ते त्या वाद्यावर चिखल होत नाही, प्रत्येक स्वर वेगळा दिसतो. आणि खालचा, मधला, वरचा प्रत्येक पट्टीचा रंग निराळा. रोनाल्ड ब्राउटिगमने बीआयएससाठी हायडनचे सगळे सोनाटे फोर्टेपियानोवर केलेत. जोरात म्हणजे त्यावर खरंच जोरात वाटतं, कारण वाद्य त्याच्या हद्दीपर्यंत जातं. स्टाइनवेवर हायडनचा फोर्टे म्हणजे हत्ती हळू चालतोय.

तळजाई
ओसरी, ब्राउटिगम मलाही आवडतो पण 'अर्धं ऐकणं' हे अजिबात मान्य नाही. मग होरोविट्झचं क्लेमेंटी काय, रिश्टरने आयुष्यभर जो हायडन वाजवला तो काय, सगळं अर्धं? संथ भागांत आजच्या पियानोचा स्वर जो रेंगाळतो त्यातून जे गाणं निघतं ते त्या लाकडी पेटीतून निघत नाही. १६:२३ चा एफ मायनरमधला अडाजिओ (संथ भाग) मार्क-आंद्रे हॅमलिनकडून ऐका आणि मग बोला. हॅमलिनचे हायपेरियनवर हायडनचे तीन दुहेरी संच आहेत, जिथे पळायचं तिथे पाऱ्यासारखा आणि जिथे थांबायचं तिथे घाई नाही.

ओसरी
लाकडी पेटी!! हे मी विसरणार नाही. :) हॅमलिनचा तो अडाजिओ ऐकलाय, अप्रतिम आहे, मान्य. पण ५० नंबरमध्ये हायडनने 'ओपन पेडल' लिहिलेल्या दोन जागा आहेत ना, सगळे स्वर एकमेकांत मिसळू द्यायचे, ती जागा आधी जुन्या वाद्यावर ऐका मग नव्या. जुन्यावर दूर कुठेतरी ऐकू येणाऱ्या पेटाऱ्यातल्या वाद्यासारखं होतं, नव्यावर बहुतेक वादक घाबरून पेडल अर्धवटच दाबतात.

तळजाई
हा मुद्दा तुमचा. दिला.

मुचकुंद
ग्लेन गुल्डचं कुणीच कसं नाव काढलं नाही अजून? हायडनचे शेवटचे सहा, १९८०-८१ चं रेकॉर्डिंग, त्याच्या शेवटच्या कामांपैकी. कोरडं, खडखडीत, प्रत्येक आवाज चिमट्यात धरून दाखवलेला. ४९ नंबर तर त्याने १९५८ मध्येही केला होता, दोन्ही लागोपाठ ऐका, एकाच माणसाचे वाटत नाहीत. बरेच लोक नाराज होतात पण हायडनमधला खट्याळपणा आणि बुद्धी दोन्ही मला गुल्डमध्येच पहिल्यांदा दिसली.

दुसरं, बीथोव्हनला तुम्ही बाजूला ठेवताय पण त्याच्याही घरात दुर्लक्षित मुलं आहेत. ओपस ५४! वाल्डश्टाइन आणि अपॅशनाटाच्या मध्ये चेंगरलेला, दोनच भाग, पहिल्यात एक सभ्य मिनुएट (दरबारी नाचाची चाल) आणि दोन्ही हातांच्या दणदणीत ऑक्टेव्ह्जची पळापळ यांची झटापट आणि शेवटी सभ्यता जिंकते. किंवा ओपस ७८, तोही दोन भागांचा. बीथोव्हनचा शिष्य चेर्नी याने लिहून ठेवलंय की लोक सतत मूनलाइटचंच बोलतात म्हणून बीथोव्हन वैतागायचा आणि एफ शार्प मेजरचा सोनाटा काही निराळाच आहे म्हणायचा. तो हा ७८. म्हणजे मंद्रची तक्रार खुद्द बीथोव्हनचीच तक्रार आहे.

मंद्रसप्तक
मुचकुंद!! हे माहीत नव्हतं, आनंद झाला.

शिकाऊ_बोटं
होरोविट्झचं क्लेमेंटी ऐकलं तळजाई. गोळा गेला. एफ शार्प मायनरचा संथ भाग तीन वेळा ऐकला आणि नंतर घरच्या पियानोवर बसून हळूहळू वाजवून बघितला. नोटा अवघड नाहीत, पण तो ठेवतो तसा एकही स्वर ठेवता येत नाही. तरी बसून राहिले.

मुचकुंद
आता खरा वाद. रिपीट्स. पहिला अर्धा भाग पुन्हा वाजवायचा की नाही? काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाळतात आणि मला तेच बरं वाटतं.

इसारकाठ
अजिबात गाळू नये. दुसऱ्यांदा ऐकताना घराचा नकाशा पक्का होतो, तरच पुढची भटकंती कळते. शिवाय त्या काळी दुसऱ्या फेरीत वादकाने स्वतःच्या जागा घालायच्या असत. सी. पी. ई. बाखने (थोरल्या बाखच्या मुलाने) तर १७६० मध्ये बदललेल्या रिपीट्ससकट सोनाट्यांचा संचच छापला, की बघा असं करायचं. हायडन त्याच सी. पी. ई. बाखचे सोनाटे वाजवून शिकला.

आगाऊ_कार्टा
मी इतका वेळ नुसता पॉपकॉर्न खात होतो पण सी. पी. ई. बाखवरून आठवलं, जॅझवाल्या कीथ जॅरेटने त्याचे वुर्टेम्बर्ग सोनाटे १९९४ मध्ये रेकॉर्ड केले आणि ते बाहेर आले २०२३ मध्ये. मी जॅझसाठी त्याला ऐकायचो, चुकून हे लागलं आणि बंदच केलं नाही. वाक्य सुरू होतं, मध्येच तुटतं, दुसराच विचार येतो, परत पहिल्यावर. १७४४ मध्ये छापलेलं आहे यावर विश्वास बसत नाही.

तळजाई
कार्ट्या, तू पहिल्यांदाच कामाचं बोललास. ऐकतो आजच.

कोवळं_ऊन
नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते. सगळे प्रतिसाद वाचले आणि आता पार गोंधळलेय. पाश्चात्त्य संगीतातलं मला काहीही कळत नाही, स्वरलिपी वाचता येत नाही. लोकलमध्ये ठाण्याहून येताजाता पाऊण तास मिळतो. कुठून सुरू करू? एकच सांगा प्लीज, यादी नको.

बंदिश
कोवळं ऊन, इथला सगळ्यात नवखा मीच, म्हणून मी उत्तर देतो, जाणकारांनी दुरुस्त करावं. स्टेथोसाहेबांचा सी मायनर, १६:२०. काल ऐकला. पहिला भाग सुरू होतो तेव्हा कुणीतरी दबल्या आवाजात फार जवळून काहीतरी सांगतंय असं वाटतं, कळायला शास्त्र लागत नाही. ५२ नंतर घ्या.

स्टेथो
सहमत. पण ट्रेनमध्ये हळू स्वर बुडतील. कान झाकणारे हेडफोन असतील तर घाला, नाहीतर घरी रात्री ऐका.

मंद्रसप्तक
आणि ट्रेनसाठी माझा ५० नंबर! शेवटचा भाग जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. तो भलत्या कॉर्डवर थांबेल तेव्हा फोन बंद पडला समजून खिशातून काढू नका, तो परत येतो.

कोवळं_ऊन
:) दोन्ही डाउनलोड केलेत. सी मायनर कुणाचा घेऊ, ब्रेंडेल की ब्राउटिगम?

ओसरी
ब्राउटिगम.

तळजाई
ब्रेंडेल.